डी ड्राइव्हला जागं ठेवा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, सुनेने सात वर्षं खपून लिहिलेला शेवाळावरचा प्रबंध तिच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. पुसला गेला असता तरी समजण्यासारखं होतं. इथे प्रबंध ज्यावर होता ती लॅपटॉपमधली अख्खी डी ड्राइव्हच गायब झाली होती आणि पडद्यावर एवढंच उरलं होतं: ‘ड्राइव्ह सापडत नाही.’ विद्यापीठाचं पोर्टल पाच वाजता बंद होणार होतं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती आणि तिसरी मिळत नसे.

“आई!” सून एवढंच ओरडली.

सासूबाई हातातल्या सुरीसकट धावत आल्या. आज खास मदतीसाठी रजा घेतलेला नवरा झोपेतून उठून आला. दारात सासरे येऊन उभे राहिले.

“गेला,” सून म्हणाली.

“कोण गेलं?” सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“प्रबंध.”

“अगं, केवढ्याने घाबरले मी! मला वाटलं, आमचे आजारी मामाच गेले.”

नवऱ्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. डी ड्राइव्ह हजर! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सून शेवटच्या प्रकरणातल्या दुरुस्त्या करायला बसली. या दुरुस्त्या तिच्या मार्गदर्शक बाईंनी कागदावर हाताने लिहून दिल्या होत्या, आणि बाईंचं अक्षर असं होतं की एकेक शब्द लावता लावता घाम फुटावा. पहिला शब्द कसाबसा लावून तिने मान वर केली, तर ड्राइव्ह पुन्हा गुल.

“पेनड्राइव्हवर घे ना सगळं, माझ्या लॅपटॉपवर कर,” नवरा म्हणाला.

“घेतलंय की! पण फोटो जोडणारा प्रोग्रॅम त्या ड्राइव्हवरच आहे. तुझ्याकडे उघडलं तर सहाशे फोटोंच्या जागी सहाशे चौकोन दिसतात. शेवाळावरचा प्रबंध, आणि त्यात शेवाळच नाही!”

नवऱ्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावून तो स्पीकरवर टाकला. दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. “दादा, खोटा धीर देत नाही. ड्राइव्ह शेवटचे श्वास घेतेय.”

“किती वेळ आहे?”

“कुणी सांगू शकत नाही. दोन तास, नाहीतर दोन दिवस. उद्या दुकानात आणा. तोवर जपा तिला.”

सासूबाई मटकन खाली बसल्या. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सासरे मात्र दारातून हलले नव्हते. वीज कंपनीत पस्तीस वर्षं मीटर तपासून निवृत्त झालेला हा माणूस. फुकट जळणारा दिवा दिसला की त्यांच्या पोटात कळ यायची. माणूस खोलीबाहेर पडायच्या आत ते दिवा बंद करत, म्हणून शेजारपाजारचे त्यांना ‘मेनस्विच’ म्हणत. त्यांनी घसा खाकरला. “मी जरा बघू का?”

“बाबा, कशाला हात लावू नका!” सून किंचाळली. आठ वर्षांत सासऱ्यांवर आवाज चढवायची ही तिची पहिलीच वेळ, त्यामुळे तीही दचकली आणि तेही.

दुखण्याची खूण शेवटी सासूबाईंना सापडली. “अगं, तू टाइप करत असलीस की चालतंय. कागद वाचायला थांबलीस की जातंय. मी घड्याळ लावून बघितलं. बरोब्बर एक मिनिट!”

म्हणजे ड्राइव्हला एक मिनिटही रिकामं बसू द्यायचं नव्हतं. सुनेने डोळे पुसले आणि फर्मान काढलं. ती कागद वाचत असेल तेव्हा दुसऱ्या कुणीतरी लॅपटॉपवर बसायचं. प्रबंधाच्या शेवटी एक रिकामं पान होतं. त्यावर लिहीत राहायचं आणि सारखं सेव्ह करायचं.

“पण लिहायचं काय?” नवऱ्याने विचारलं.

“मनात येईल ते. मी नंतर पुसून टाकीन.”

नवऱ्याच्या मनात काहीच आलं नाही. त्याने दोन ओळी भरून नुसते ‘क’ काढले. मग सासूबाई बसल्या. ‘चाळीस वर्षं हा माणूस माझ्यामागे दिवे बंद करत फिरतोय. मंगळवारी मी अंघोळ करत होते, तोंडाला साबण होता, तरी बंद केला.’ लिहिता लिहिता त्यांना इतकं हलकं वाटायला लागलं की पाळी संपली तरी उठायला तयार होईनात.

पावणेचारला सासऱ्यांची पाळी आली. दुपारी आपण उघडलेली सेटिंगची खिडकी त्यांनी गुपचूप शोधून बघितली, पण ती कुठून सापडली होती हे काही केल्या आठवेना. सून हातभर अंतरावर कागदात डोकं खुपसून बसली होती. मग सासरे एका बोटाने लिहायला लागले.

‘आज दुपारी सगळे जेवत होते, हा लॅपटॉप कोणी वापरत नव्हतं तरी त्याचा दिवा लुकलुकत होता. मी आत शिरलो. वीज वाचवा असं दिसलं. सगळीकडे जास्तीत जास्त बचत केली. ड्राइव्ह किती वेळाने बंद करू असं विचारलं. मी एक मिनिट सांगितलं. ती झोपली की उठत नाही हे मला माहीत नव्हतं. आता सांगायची हिंमत होत नाही. पोरीची सात वर्षं माझ्या हातून गेली तर मी तिला तोंड कसं दाखवू’

प्रश्नचिन्ह कुठल्या बटणावर आहे हे त्यांना सापडेपर्यंत सून जागेवर परत आली होती.

पुढचा तास घराने श्वास रोखून काढला. सासूबाईंनी मिक्सरला हात लावला नाही. नवऱ्याने दाराची बेल काढून ठेवली, न सांगता दोनदा चहा केला आणि कपही स्वतः विसळले. पाळ्या चालूच होत्या. सुनेने मात्र आता सगळ्यांना कोऱ्या पानावर बसवलं. मागचं कोणी वाचायचं नाही, अशी तंबीच दिली. चार बावन्नला तिने बटण दाबलं. पोर्टलवरून पावती आली आणि सासूबाईंनी सुनेला मिठीच मारली.

तेवढ्यात सासऱ्यांना आठवलं. ते शेवटचं पान!

“पोरी, ते... आम्ही लिहिलेलं... पुसलंस ना?”

“कुठलं पान, बाबा?” असं म्हणून सून जांभई देत आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून आडवी झाली.

आपला कबुलीजबाब विद्यापीठात पोचला! आता परीक्षक तो वाचणार आणि पोरीची पदवी त्यापायी अडणार. सासऱ्यांनी घाईघाईने फाइल खालपर्यंत सरकवली. पान होतं. कबुलीजबाब होता. आणि त्याखाली आणखी काही ओळी होत्या.

‘बाबा, चार वाजता वाचलं. सेटिंग तेव्हाच बदलली, अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ड्राइव्ह ठणठणीत आहे. विद्यापीठात गेलेल्या प्रतीत हे पान नाही. पण आठ वर्षांत आज पहिल्यांदा या घरात मला तासभर कुणी हाक मारली नाही. निदान रविवारपर्यंत ड्राइव्ह आजारी राहू दे.’

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

“काय हो, बरी आहे ना?” सासूबाईंनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं.

“छे! फार नाजूक अवस्था आहे,” सासरे म्हणाले. त्यांनी ते पान स्वतःच्या हाताने पुसलं आणि मुलाला खुर्चीत बसवलं. “लिहीत राहा. थांबलास तर तू जाणे आणि ती जाणे.”

मग एक खुर्ची ओढून ते सुनेच्या खोलीबाहेर बसले. पंधरा मिनिटांनी सासूबाईंना टाइप करायला बसवून मुलगा दाराशी आला. “बाबा, तिला जरा विचारायचं होतं, माझे मोजे कुठे आहेत.”

“तुझे तू शोध,” सासरे म्हणाले आणि त्यांनी खुर्ची दाराला आणखी चिकटवली.