जान्हवीबाईंच्या लॅपटॉपाचा निद्राभंग

श्री वेतोबा समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मासी, मुक्काम वाकोला, मजला तिसरा, येथे जो प्रसंग गुदरला तो साक्षीदारांस पुसोन, पदरचे फार न घालता, लिहिला असे.

जान्हवीबाई परब यांची कचेरी मोडोन आठ मास जाहले होते आणि चहूंकडे अर्ज धाडोन त्या थकल्या होत्या, तों एका मातबर जाहिरात कंपनीचे बोलावणे आले की अकरा वाजता पडद्यावर रुजू होऊन आपली चित्रे दाखवावी. उमेद काय ती हीच उरली होती. चित्रे सारी लॅपटॉपाचे पोटी, सबब मोबाईलावर निभाव नाही. बाईंनी सकाळीच कॅमेरा पारखोन, लॅपटॉपास घटकाभर विश्रांती म्हणोन झाकण मिटले आणि पावणेअकरास उघडतात तों पडदा काळा. दिवा लुकलुके, परंतु डोळा उघडीना.

बाईंचे तीर्थरूप नंदकुमारराव, रक्तदाबावर गुणकारी म्हणोन प्रदर्शनातून आणलेले चुंबकाचे कडे डाव्या मनगटी मिरवीत, मेज डुगडुगते सबब त्याच हाते लॅपटॉपाचा डावा कोपरा जातीने दाबोन उभे होते. मग मुलुंडास बाईंचे चुलतबंधू, संगणकाचे जाणते, सुयोगराव यांजकडे फोन रवाना जाहला आणि तेथून फर्मान सुटले की चार्जर उपटावा, बटण तीस मोजेतों दाबावे आणि धीर धरावा. तैसे केले. लॅपटॉपाने एक वेळ डोळा किलकिला केला आणि पुन्हा घोरत पडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. अकरास सात मिनिटे उरली आणि बाईंस रडू फुटले.

लेकीचे रडू रावांस सोसवेना. विद्येचे उपाय हरले तेव्हां त्यांनी खासा हात लॅपटॉपाच्या छातीवर ठेवोन गाऱ्हाणे मांडिले.

"बा देवा महाराजा, ह्या चेडवाचो लॅपटॉप निजलेलो आसा, तो जागो कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मातोश्री प्रेमाबाई ओट्यापासोन गरजल्या.

मग राव नारळ आणावयास मुदपाकखान्यात गेले, तों लॅपटॉप खडबडोन जागा जाहला. राव हर्षभरे धावत आले, हात ठेविला, लॅपटॉप गपकन निजला. राव पुन्हा गेले, पुन्हा जागा. जान्हवीबाईंनी ती चाल ताडली. झाकण मिटले की नाही हे लॅपटॉप आतल्या चुंबकावरून जाणतो आणि रावांचे कडे म्हणजे त्यास दुसरे झाकणच.

"बाबा, तुझं कडं! काढ ना ते!"

कड्याची कडी दोन वर्षांत उघडली नव्हती, ती आता काय उघडते? सबब रावांस हद्दपारीचा हुकूम जाहला आणि ते नारळासह जिन्यात रवाना जाहले. अकरास दोन कमी असता बाई पडद्यावर रुजू जाहल्या.

राव पाऊण तास पायरीवर, डावा हात पाठीमागे धरोन, दाराकडे सरकावयाची छाती न करता बसोन राहिले. वरल्या मजल्याच्या ब्रिजेटबाई पिशवी घेऊन उतरत होत्या, त्यांनी पुसले की असे बाहेर का बसलात?

"आत चेडवाची मुलाखत चालू आसा," राव अभिमानाने कुजबुजले. "मशीन माका घाबरता."

इतक्यात दार उघडले. सोमवारपासोन नोकरीवर रुजू होणेचा हुकूम बाईंस मिळाला. लढाई फत्ते जाहली आणि फत्तेचा नारळ रावांनी जिन्यातच, उजव्या हाते, फोडिला.