दोन खात्यांचे बापूसाहेब

पंगतीत बसल्यावर बापूसाहेब कारखानीस पहिला घास घेण्याआधी आचाऱ्याला बोलावणं पाठवत. वाढप्याला ते काही विचारत नसत. वाढपी म्हणजे पोस्टमन, त्याला पाकिटातला मजकूर काय ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. मग आतून पंच्याला हात पुसत आचारी, म्हणजे इकडचा 'महाराज', येई आणि बापूसाहेब वाटीकडे बोट दाखवून विचारत, "दाळमां गोळ केटलो?"

"जोईए एटलो, साहेब." हवा तेवढा.

"कोणाला हवा तेवढा?"

बडोद्यात डाळीत गूळ किती घातला, हे कोणी विचारत नाही. आम्हा मराठी माणसांच्या पूर्वजांनी इथं आल्यावर पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटी पुढे केली. बापूसाहेबांनी एकोणसाठाव्या वर्षी ती मागे घेतली. त्याला कारणं दोन होती. एक, त्यांना मधुमेह होता. दोन, त्यांना केस होते.

दुसरं कारण जास्त गंभीर होतं. त्यांचे केस म्हणजे मागे वळवलेलं, दाट, करड्या रंगाचं एक संस्थान होतं. ते विलीन होऊ द्यायचं नाही असा त्यांचा निर्धार होता. संस्थानाचं त्यांच्या घराण्याला वळणच होतं. त्यांचे आजोबा जुन्या बडोदे सरकारच्या खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या खासगी कारभारात, होते. माझी बापूसाहेबांशी ओळख झाली तेव्हा ते आजोबा कारकून होते. पुढच्या दिवाळीपर्यंत ते हेडक्लार्क झाले, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात सगळं खातंच त्यांच्या सल्ल्यानं चालू लागलं. मेल्यानंतर इतक्या झपाट्यानं बढती मिळालेला दुसरा माणूस मी इतिहासात पाहिलेला नाही, आणि मी कॉलेजात इतिहासच शिकवतो.

बापूसाहेब स्वतः सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना कुठल्यातरी खात्यात बसवावी लागे. शरीरात त्यांनी दोन खाती स्थापन केली होती, केसखातं आणि साखरखातं. तोंडात जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाला दोन्ही खात्यांची मंजुरी लागे.

अडचण अशी होती की ही खाती एकमेकांशी बोलत नव्हती. आपल्याकडे केसांसाठी म्हणून जे जे खायला सांगितलं आहे, ते बहुतेक गुळात बुडवूनच सांगितलं आहे. अळिवाचे लाडू, तिळाची वडी, मोरावळा, खजूर. "केसखात्याची जोरदार शिफारस आहे," बापूसाहेब तिळाची वडी उजेडात धरून म्हणत, "पण साखरखात्याची हरकत आहे." आणि वडी परत ताटलीत ठेवत, फाईल परत पाठवावी तशी.

तो काळ नव्यानं आलेल्या वस्तूंचा होता. केबलवर दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी बाई केस झटकून दाखवी. वाण्याच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लटकत. बापूसाहेब त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत. "केस पोटात उगवतात, प्रोफेसर," ते मला सांगत. "डोक्यावर फक्त दिसतात."

म्हणून सकाळी भिजवलेल्या मेथ्या. मग मोड आलेले मूग. दुपारी कढीलिंबाची चटणी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. पाला जवळच्या पादरा गावाहून येणारी भाजीवाली आणी. तो बापूसाहेबांखेरीज कोणी घेत नसे, आणि यांनी म्हैस नक्की कुठे बांधली आहे असा प्रश्न तिला पडलेला असे. उकडलेलं अंडं ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणत, कारण शेजारी जैन कुटुंब होतं. एकदा आम्ही शेवउसळीच्या गाडीवर उभे होतो. त्यांनी शेव काढायला लावली, पाव परत केला, तर्री नको म्हणाले. गाडीवाला म्हणाला, "तो पछी घरे ज वटाणा बाफी लो ने, साहेब!"

"हा वटाणे घरीच उकडायला सांगतोय," बापूसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "बरोबर बोलतोय. हुशार आहे."

अळिवाच्या लाडवांचा प्रश्न त्यांनी आमच्या घरी आणला. माझी बायको सुमन स्वयंपाकात सहसा हार मानत नाही. पण बिनगुळाचे लाडू ऐकून तिनं हात टेकले.

"बापूसाहेब, गूळ नसेल तर लाडू वळला जात नाही. विखुरतो."

"मग विखुरलेला द्या. चमच्यानं खाईन."

तिनं अळीव दुधात भिजवून, ओलं खोबरं घालून दिलं. ते त्यांनी आमच्यासमोर शांतपणे संपवलं. चव कशी आहे, असं तिनं विचारलं. "चवीचं खातं माझ्याकडे नाही," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन पुन्हा दारात उभे राहिले.

कोपऱ्यावरचे डॉक्टर त्यांना समजावून थकले होते. "कारखानीससाहेब, खातं एकच आहे. वेळेवर जेवा, डाळ-भाजी खा, चाला, गोळी घ्या. साखर ताब्यात राहिली तर केसांचंही भलं होईल, आणि काही तरीही जातील. वय झालं." बापूसाहेब ऐकून घेत. बाहेर आल्यावर म्हणत, "सज्जन माणूस. पण साखरखात्याचा. त्याला केसखात्यात अधिकार नाही."

केस गळण्याबाबत त्यांचं रोजचं निवेदन असे. सकाळी फिरताना ते मला गाठत आणि आवाज खाली आणून सांगत, "कालही एक नाही."

"एकही नाही?"

"चार महिने झाले. अळीव सुरू केल्यापासून शून्य."

जगात कोणतंही डोकं चार महिन्यांत एकही केस न टाकता राहत नाही. शिवाय मी मागून चालत असलो की त्यांच्या टाळूवरचा वाटोळा मोकळा भाग मला दिसे, आणि तो महिन्यागणिक वाढत होता. "मोजतं कोण?" मी विचारलं. "व्यवस्था आहे," ते म्हणाले. "खात्रीची."

सोसायटीला याचं हसू येई, आणि थोडा रागही येई. कारण बापूसाहेबांच्या पत्नीला, इंदूवहिनींना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. त्यापायीच जुन्या शहरातल्या वाडी भागातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून ते अकोटा भागात आमच्या सोसायटीत तळमजल्यावर आले होते. वहिनींचं बोलणं चार-पाच शब्दांवर आलं होतं. त्या बाहेर पडत नसत. बापूसाहेब कोणाला आत बोलवत नसत, जे काही बोलणं ते दारात उभ्यानं. दुपारी चारच्या ठोक्याला कुठेही असले तरी घरी परतत. आमच्याकडे चहा अर्धा टाकून उठल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. चारला केस रंगवत असतील, असा सुमनचा अंदाज होता. बायको तशी खुर्चीला खिळलेली आणि हे गृहस्थ आरशासमोर, असं बाकीचे म्हणत. मीही म्हणालो असेन. माझं स्वतःचं केसखातं पस्तिशीतच बंद झालेलं, तेव्हा माझ्या मताला थोडा मत्सराचा वास असणार.

एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, "बापूसाहेब, या वयात केस दाखवायचेत कोणाला?"

ते थांबले. चालताना ते कधी थांबत नसत. "दाखवायचे नाहीत," एवढंच म्हणाले, आणि मग शेंगदाण्याबद्दल बोलू लागले.

त्या वैशाखात सोसायटीतल्या एका मुलाची वाडीतल्या कार्यालयात मुंज होती. मी बापूसाहेबांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. न्हाव्यानं बटूच्या डोक्याला वस्तरा लावला तेव्हा त्यांनी मान फिरवली. मुहूर्त लांबला, पंगत अडीचला बसली. ताटात श्रीखंड, जिलबी, पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी. बापूसाहेबांनी महाराजाला बोलावलं. गूळ किती, ते विचारलं. उत्तर ऐकून आमटीची वाटी सरकवली. मग एकेक पदार्थ नामंजूर होत गेला. ताटात शेवटी मीठ, लिंबू आणि कोशिंबिरीचा एक घास उरला.

थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "साहेब, ती फाईल मी कालच वर पाठवली."

मी हसलो. मग त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावरून घाम ओघळत होता आणि कोशिंबिरीचा चमचा ताटावर टकटक वाजत होता.

"बापूसाहेब, सकाळी काय खाल्लंत?"

"मूग आंबले होते." ते शब्द शोधत होते. "केसखात्यानं नाकारले."

"आणि गोळी?"

"गोळी वेळेवर. साखरखातं चोख आहे."

मी ओरडलो. कोणाला काय हाक मारली ते आठवत नाही. माझ्याआधी महाराजच धावत आला. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता, त्यात गुळाचा खडा चमच्यानं दाबून दाबून विरघळवत होता. बापूसाहेबांच्या पाठीमागे हात घालून त्यानं पेला त्यांच्या ओठाला लावला. "ल्यो साहेब. आमां गोळ केटलो, ए ना पूछता." यात गूळ किती ते विचारू नका.

त्यांनी विचारलं नाही. पेला संपवला. वीसेक मिनिटांत त्यांना माझं नाव आठवलं, आणि महाराजानं समोर उभं राहून त्यांना दोन पुऱ्या आणि वरणभात खायला लावला. हात धुताना ते पुटपुटले, "आणीबाणीत मंजुरी लागत नाही." मग घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम उठले. "चार वाजत आले."

"आधी डॉक्टरांकडे जाऊ."

"आधी घरी."

मी सरळ डॉक्टरांच्या दारात स्कूटर उभी केली. त्यांनी तपासलं, रागावले, गोळी जेवणाशिवाय घ्यायची नाही असं तीनदा वदवून घेतलं. घरी पोचायला पावणेपाच झाले. बापूसाहेबांचे पाय अजून डळमळत होते, म्हणून मी त्यांना धरून पहिल्यांदाच त्या घरात आत गेलो.

वहिनी खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. शेजारच्या स्टुलावर खोबरेल तेलाची वाटी होती. त्यांचा उजवा हात मांडीवर मिटलेला होता, घट्ट. खुर्चीच्या पुढ्यात जमिनीवर एक पाट मांडून ठेवला होता.

बापूसाहेब त्या पाटावर जाऊन बसले, वहिनींकडे पाठ करून. वहिनींनी डाव्या हातानं तेल त्यांच्या डोक्यावर ओतलं, आणि त्याच डाव्या हातानं उजवा उचलून केसांवर ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तर्जनी हलली. मग मधलं बोट. एकेक बोट केसांत शिरत होतं, उघडत होतं, केस पकडून पुन्हा मिटत होतं.

"डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता," बापूसाहेब समोर बघत म्हणाले. "हिनं तीनदा खिडकीबाहेर फेकला. तुमच्या पोरांच्या क्रिकेटमध्ये आहे तो. पण लग्न झाल्यापासून रविवारी माझ्या डोक्याला तेल हीच घालायची. तेवढं हाताला आठवतं." मग म्हणाले, "तुमच्या डोक्यावर घसरतील बोटं, प्रोफेसर. राग मानू नका. पकडायला काहीतरी लागतं."

मी राग मानला नाही.

"घाम?" वहिनी एकदम म्हणाल्या. केस मुळाशी ओले होते.

"ऊन," बापूसाहेब म्हणाले, आणि मान न वळवता माझ्याकडे डोळे केले.

"फार ऊन होतं, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि हात पुन्हा फिरू लागला. तो केसांतून बाहेर आला तेव्हा बोटांना करड्या केसांची बारीकशी गुंतवळ चिकटलेली होती. वहिनींनी ती डाव्या हातानं सोडवली आणि पाठीमागच्या उशीच्या अभ्र्यात सारली. अभ्रा तिथं चांगलाच फुगलेला होता. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"इंदू," बापूसाहेबांनी विचारलं, "गेले का गं काही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या चार-पाच शब्दांपैकी हा सगळ्यात स्पष्ट होता.

बापूसाहेब पाटावरूनच माझ्याकडे वळले. चेहरा अजून पांढराच होता, पण त्यावर आजोबांना नवी बढती मिळाल्याचं तेज होतं.

"ऐकलंत, प्रोफेसर? अळीव."