मेश्रामकाकांचं एकच बटण

तमाम नागपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला जे दार आहे, त्याची बेल कृपया कोणी दाबू नये. दाबलीच, तर ती पुन्हा एकदा दाबल्याशिवाय जागचं हलू नये.

कारण ही बेल एकदा दाबली की वाजायला लागते आणि दुसऱ्यांदा दाबेपर्यंत वाजतच राहते. आमच्या दूधवाल्याला हे ठाऊक नव्हतं. तो बिचारा बेल दाबून, पिशवी कडीला अडकवून पार हुडकेश्वरला पोचला, आणि इकडे अख्खी इमारत दात घासता घासता जिन्यात जमली. दार उघडलं. मेश्रामकाका बाहेर आले ते पडदा वर गेल्यावर नट येतो तसे.

"पाहिलं का गा पाठक? जुनी बेल दाबली तेवढीच वाजे. ही मी बनवली, हिच्या ध्यानात राहते, चालू का बंद. हिले स्थिती आहे."

मी समोरच्या दारात राहतो. मला स्थिती नव्हती, झोप होती. तीही गेली.

काका कळमेश्वरच्या एका कारखान्यात वायरिंगचं काम करत निवृत्त झाले. त्यानंतर माणसं बागकाम करतात, गुडघे दुखवून घेतात. काकांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. त्यात लिहायचं काही नसतं. लॅपटॉपच्या पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, ते ओढून एकमेकांत अडकवायचे. पिवळा ठोकळा म्हणतो, बटण दाबलं का? निळा म्हणतो, मग हे कर. लॅपटॉपमधून एक वायर निघते, ती एका छोट्या पट्टीला जाते, आणि पट्टीला असतं पुरीएवढं लाल बटण.

एकच बटण. यावर काकांचं सगळं तत्त्वज्ञान उभं आहे. "चालू असन तं बंद कर, बंद असन तं चालू कर. संपलं." हे वाक्य मी जिन्यात, गच्चीवर, पानठेल्यावर आणि एकदा कोणाच्या तरी तेराव्याच्या पंगतीत ऐकलेलं आहे. माणसांनाही ते हेच लावतात. मी बँकेतून उन्हात भाजून परत आलो की म्हणतात, "पाठक, तुझी स्थिती बंद दिसून राहिली." माझी बायको आतून म्हणते, "काका, ती कायमचीच आहे. बटण बसवून पाहा."

आता हे सगळं कशासाठी, तर काकूंसाठी.

सुशीलाकाकूंनी आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्यांनी नुसतं बोट वर केलं तरी वर्ग गप्प व्हायचा म्हणतात. आता त्याच हाताला कंप आहे. चालणं कमी झालंय, दिवसाचा बराच वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत जातो. नागपूरचा उन्हाळा. कूलर लावला की थोड्या वेळाने त्या गारठतात, बंद केला की जीव घाबरा होतो. स्विचबोर्ड दूर भिंतीवर. रिमोटची बटणं बारीक, थरथरतं बोट भलत्यावरच पडतं. मग हाक. "अहो, ऐकता का, कूलर लावा." मग, "अहो, बंद करा."

काका पानठेल्यावर येऊन उसासे टाकत. "दिवसभर अहो, अहो. पेपरची एक बातमी पुरी होत नाही गा."

काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "पाणी मागते, औषध मागते. आता हवा बी मागून घ्याची का वं?"

म्हणून ते बटण, कूलरला जोडलेलं आणि काकूंच्या खुर्चीशी ठेवलेलं. पहिल्या प्रयोगाला आम्ही सगळे गेलो. काकांनी टिचकी मारली, कूलर सुरू. टिचकी, बंद. टाळ्या. मग काकूंनी बोट ठेवलं, आणि कूलरला उचकी लागली. घुर्र, ठप्प, घुर्र, ठप्प. शेवटी जिथे थांबला तिथे थांबला.

"झटकन दाब ना वं," काका म्हणाले.

"झटकन दाबता आलं असतं तं तुमचं बटण कायले लागलं असतं?"

घोळ असा होता, की ते रंगीत ठोकळे डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभरदा विचारतात, दाबलं का, दाबलं का. बोट रेंगाळलं की प्रत्येक वेळी उत्तर हो. प्रत्येक 'हो'ला कूलर पलटी खातो. काकांनी स्वतःच्या बोटासाठी प्रोग्रॅम केला होता.

मग सुरू झाले प्रयोगांवर प्रयोग. आधी प्रेक्षक वरच्या मजल्यांवरूनही येत. मग चहा असेल तर येत. शेवटी चहा असूनही मी एकटा उरलो, कारण समोरच्या दाराला पळायला वाट नसते.

अशाच एका संध्याकाळी काकूंनी चहा पिऊन कप पुढे केला. कप बशीवर तडतड वाजत होता. काकांनी तो ओढून घेतला नाही. खाली तळवा धरला आणि उभे राहिले. माझ्याशी महागाईवर बोलत राहिले, तिकडे बघितलंसुद्धा नाही. हळूहळू तडतड थांबली. मग कप उचलला. आणि दोन पावलं जाऊन एकदम थबकले.

"पाठक, मी यंत्राले हेच तं सांगितलं नाही."

"काय?"

"थांबाले."

त्यांनी एक नवा ठोकळा अडकवला. पहिल्यांदा दाबलं की काम कर. मग बोट उचललं जाऊन सगळं नीट शांत होईपर्यंत काही विचारू नको.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझी बायको हजर. काकूंनी बोट ठेवलं. ते थरथरत होतं, बटणावर टकटक वाजत होतं. कूलर एकदाच सुरू झाला आणि सुरू राहिला. काकूंनी हात मांडीवर घेतला, जरा वेळाने पुन्हा दाबलं. बंद. पुन्हा चालू. मग त्या नुसत्याच चालू-बंद करत बसल्या, आणि त्यांचे पांढरे केस कूलरच्या वाऱ्याने उडत आणि बसत राहिले.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता खुशाल जा तुम्ही पानठेल्यावर. सगळा पेपर वाचा."

माझ्या बायकोने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दमलेल्या हातांनी का होईना. काका स्क्रूड्रायव्हर धरून कूलरकडे बघत उभे होते. चेहऱ्यावरून चालू की बंद काही कळत नव्हतं. आणि मग, आम्ही दोघं तिथे उभे आहोत हे विसरून, ते बोलून गेले,

"म्हणजे आता मले हाक नाही मारणार का वं तू?"