जाम भरलेल्या शवपेट्या

"यंदा तू काही त्रास घेऊ नकोस रे, ऑर्व्हिल," चर्चच्या जेवणावळींचं बघणारी मार्लिस फोनवर म्हणाली. "मुलांच्या हॅलोविनला आम्ही दुकानातली बिस्किटं आणू."

झालं! ऑर्व्हिल टोलेफसनचं डोकं फिरलं. मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी, शाळेला सुट्टी देऊन, चर्चच्या तळघरात मुलांचा हॅलोविन, म्हणजे भुताखेतांची सोंगं घ्यायचा सण, होई. लांबलचक टेबलाच्या उजव्या टोकाला एकतीस वर्षं त्याच्या बायकोचं ताट असे. ताटात बिस्किटांच्या, जाम भरलेल्या शवपेट्या आणि बदामाची नखं लावलेली बोटं, पुढे 'आर्डिस' अशी पाटी. आर्डिस मार्चमध्ये गेली. आता तिची तेवढीही जागा जाणार, आणि तीही दुकानातल्या बिस्किटांना!

"त्रास कसला? मी करतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. (या गृहस्थाने तोवर ओव्हनचा उपयोग फक्त ओले हातमोजे वाळवायला केला होता.)

आर्डिसच्या अक्षरातलं कार्ड सापडलं. त्यावर 'पीठ हाताला समजेल इतपत मळावं' एवढंच लिहिलेलं. आर्डिसच्या हाताला समजत असेल! ऑर्व्हिलने चौतीस वर्षं घरोघर टपाल वाटलेलं, त्याच्या हाताला पाकिटांपलीकडे काही समजत नव्हतं. समजेपर्यंत मळावं म्हणून तो मळत राहिला. वीस मिनिटांनी त्याला रडू आलं. मग रडू थांबेपर्यंत मळलं.

तीन दिवस हाच उद्योग. पहिल्या शवपेट्या बुटांसारख्या झाल्या, दुसऱ्या जळल्या. तिसऱ्या खेपेला बऱ्या जमल्या, पण त्यांच्यावर साखरेचे सांगाडे काढताना हात घसरला आणि एका सांगाड्याला तीन पाय आले. बोटं तर ओव्हनमध्ये अशी फुगली की मेलेल्या माणसाची न वाटता खात्यापित्या घरची वाटू लागली. या तीन दिवसांत तो दाराबाहेर पडला नाही आणि फोनही उचलला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता ताटावर चंदेरी कागद घट्ट लावून तो चर्चच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरला. झाकून आणलेल्या ताटात काय आहे, हे विचारायची त्या चर्चमध्ये पद्धत नव्हती. ताटाच्या बुडाला नावाची चिकटपट्टी असली की झालं. कुणीतरी ते घेतलं आणि इतर ताटांबरोबर टेबलावर मांडलं. प्रार्थना झाल्याशिवाय कागद निघायचा नाही, हाही तिथला नियमच.

ऑर्व्हिल समाधानाने भिंतीला टेकला. मुलं अजून दिसत नव्हती, पण मोठी माणसं झाडून सगळी काळ्या कपड्यांत. यंदा म्हाताऱ्यांनीही हौस केलेली दिसतेय! दाराशी एक उंच, हडकुळा माणूस हात बांधून उभा होता. ऑर्व्हिलला राहवेना.

"वा, काय सोंग वठवलंय हो! अगदी प्रेतं पुरणारा वाटताय."

"तोच आहे मी," तो माणूस अदबीने म्हणाला. "ल्युंडसाहेबांना पोचवून आत्ताच आलो."

"कोण ल्युंड? आपला क्लिफर्ड?"

तेवढ्यात मार्लिस धावत आली. "ऑर्व्हिल! तू इथे कसा?"

"क्लिफर्ड गेला? मला कुणी सांगितलं नाही ते!"

"मुद्दामच नाही सांगितलं रे. आर्डिसला वर्षही झालं नाही, म्हटलं तुला परत ते सगळं बघायला नको. आज इथे त्याच्या दफनानंतरचं जेवण आहे. मुलांचा कार्यक्रम उद्यावर टाकलाय, ते सांगायला किती फोन केले!" मग तिचा चेहरा बदलला. "थांब. तू ताट आणलंस का?"

"आमेन," चर्चचे पाळक म्हणाले, आणि कागद निघाले.

बटाट्याच्या सॅलडच्या आणि हॅमच्या मधोमध वीस शवपेट्या, आणि भोवती चाळीस गुबगुबीत बोटं. पाळकांचा चमचा हवेतच राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ऑर्व्हिलला वाटलं. (तळघर असल्याने तो निम्मा पोटात होताच.)

क्लिफर्डची बायको बर्निस रिकामी बशी घेऊन ताटापाशी आली आणि बघतच राहिली.

"बर्निस, मला माफ कर," ऑर्व्हिल म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"आर्डिसच्या आहेत ना या?"

"तिच्याच. म्हणजे, केल्यात मी."

"दरवर्षी पोरांच्या आधी येऊन क्लिफर्ड दोन ढापायचा," बर्निस म्हणाली. "एक तोंडात, एक कोटाच्या खिशात. एकतीस वर्षं तो जाम मी धुतलाय. धुताना शिव्या घालायचे त्याला." तिने एक शवपेटी उचलून चावली. बराच वेळ चावली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते नवऱ्यासाठी की दातांसाठी, हे ऑर्व्हिलला कळेना. "अजून एक दे. खिशात टाकायला."

आणि काळ्या कोटाच्या खिशात तिने ती टाकलीसुद्धा. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक पुसलं, आणि माणसं ताटाकडे सरकली. ऑर्व्हिलही रडला, सगळ्यांसमोर, मार्चमध्ये रडला नव्हता इतका.

मार्लिसने त्याला कॉफी आणून दिली. "उद्यासाठी परत करशील का रे? उजवं टोक तुलाच ठेवते. दुकानातली बिस्किटं रद्द."

"करतो. पण मार्लिस, पाटीवर..."

"पाटीवर आर्डिसचंच नाव राहील."

ऑर्व्हिलने तिचा हात धरला. "तू माझ्या अगदी मनातलं बोललीस बघ."

"मनातलं कसलं डोंबलाचं!" मार्लिस म्हणाली. "तू केल्यात हे कळलं तर एक पोर हात लावायचं नाही."