सासूबाईंवरचा प्रयोग

इंग्रजीच्या मास्तरांनी पीएचडीला विषय घेतला होता: परकी भाषा व्याकरण न शिकता, नुसती कानावर पडून येते का? वर्गातली मुलं प्रयोगाला बधेनात, तेव्हा मास्तरांची नजर मुक्कामाला आलेल्या सासूबाईंवर गेली. (त्या उठून जाण्यातल्या नव्हत्या.)

"आजपासून घरात फक्त इंग्रजी!" मास्तरांनी फर्मान काढलं. "मराठीत बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही. मग तो मी का असेना!"

जावयाचा शब्द सासूबाईंनी आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. मास्तर दिवसभर इंग्रजी पाजळत राहिले, त्या "येस, येस" करत राहिल्या. बायको म्हणाली, "अहो, आईला छळताय कशाला?" पण ती इंग्रजीत म्हणाली नाही, म्हणून मास्तरांनी उत्तर दिलं नाही.

आणि ज्या दिवशी गाइडसमोर संशोधन मांडायचं, त्याच सकाळी बाथरूमची कडी अडकली. बायको ऑफिसला गेलेली.

"आई, कडी निघत नाहीये! कुणाला तरी बोलवा!"

बाहेरून गोड आवाज आला, "इंग्लिश, प्लीज."

"अहो, मला उशीर होतोय!"

"नो मराठी, जावईबापू."

कडीला इंग्रजीत काय म्हणतात, ते मास्तरांना काही केल्या आठवेना. जन्मभर शिकवलेली भाषा ऐन वेळी साबणासारखी निसटली. "द डोअर... इट इज... नॉट गोइंग!"

"ओके," म्हणत सासूबाई जिना चढल्या. वर एक परदेशी इंजिनियर नव्यानेच राहायला आला होता. त्याच्याशी बोलायची बिल्डिंगमध्ये कुणाची छाती नव्हती.

"हॅलो! प्लीज कम! सन-इन-लॉ इन बाथरूम. डोअर व्हेरी अँग्री. ब्रिंग हॅमर!"

जिन्यातला तो आवाज ऐकून आत टॉवेल गुंडाळून उभ्या मास्तरांचा ऊर भरून आला. व्याकरण लंगडत होतं, पण हातोडा येत होता! आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?

इंजिनियरने बाहेरून विचारलं, कडी नेमकी कुठे अडकलीय?

"अप! नो, डाउन! धिस! धिस!" मास्तर ओरडले.

अखेर दार उघडलं. मास्तर छाती फुगवून बाहेर आले. सासूबाईंची छाती त्याहून फुगली होती. "माय सन-इन-लॉ," त्या म्हणाल्या. "इंग्लिश! व्हेरी बिग!"

इंजिनियरने मास्तरांकडे कणवेने पाहिलं, ओल्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "डोन्ट... वरी. शी... विल... टीच... यू."