खुंटावरची फूट

गेवराई तालुक्यात कलमातलं कळणारा माणूस एकच, असं तानाजीरावांचं मत होतं. तो कोण, हे ते कुणी विचारायच्या आतच सांगत. वीस वर्षं मोसंबीची बाग! कलमाच्या गाठीखाली जे फुटेल ते खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या जंगली झाडाचं. दिसलं की कापायचं!

अंगणात दोन गुलाब होते. एक त्यांनी नर्सरीतून आणलेला कलमी, नावाची चिठ्ठी बांधलेला. दुसरा माजलगावच्या सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, लेकीला, वनमालाला, ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या काडीचा.

"कलमी म्हणजे परीक्षा देऊन लागलेला मास्तर," तानाजीराव म्हणत, "आन् काडीचा म्हणजे वशिल्याचा!"

"फुलं मात्र वशिल्यालाच येतात," वनमाला म्हणायची.

अशात माजलगावहून फोन आला. वच्छलाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पुढच्या शनिवारी त्या येणार होत्या. नव्या नजरेनं त्यांना पहिल्यांदा आपला गुलाब बघायचा होता!

सासूबाई यायच्या आत झाड नीटनेटकं करावं, म्हणून तानाजीराव कात्री घेऊन बसले. कलमाची गाठ शोधली. सापडेना. माती उकरली. फांद्या थेट जमिनीतून निघालेल्या!

"अरारा! सगळं खुंटाचंच माजलंय!"

वनमाला पाण्याची बादली घेऊन आली, तेव्हा अकरा फांद्या आडव्या पडल्या होत्या आणि जमिनीवर चार बोटांचे अकरा खुंट उरले होते.

"अहो, हे काय केलं!"

"जंगली फूट काढली. कलमाखालची."

"काडीच्या झाडाला कलम असतंय का हो?"

तानाजीरावांनी एक फांदी उचलून तिच्या खुंटावर परत टेकवून बघितली.

पुढे आठ दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तानाजीराव रोज पहाटे खुंटांपुढे उकिडवे बसत आणि निकालाच्या यादीत नंबर शोधावा तसे कोंब शोधत. माजलगावची बस बंद पडावी, असंही त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं.

बस वेळेवर आली! काळा चष्मा लावलेल्या वच्छलाबाई चहासुद्धा न घेता अंगणात गेल्या. तानाजीराव पाण्याच्या टाकीमागे.

"कुनी छाटलं हे?"

"मी... म्हणजे, जरा हात लागला," टाकीमागून आवाज आला.

"अकरा फांद्यांना!" वनमाला म्हणाली.

म्हातारी खाली बसली, बोटांनी बुंधे चाचपले. प्रत्येकाला, अगदी मातीलगत, तानाजीरावांना न दिसलेले गव्हाच्या दाण्याएवढे लालचुटूक कोंब!

"लई ब्येस केलं! ह्याचं मूळबी त्येच, झाडबी त्येच. बुडातून कापलं तरी माझाच गुलाब येतोय. आमी दरसाल पाऊस सरला की असाच छाटतो. वनीला धा बार सांगितलं, तिचा हात होत न्हाई!"

तानाजीराव टाकीमागून छाती काढूनच बाहेर आले. "म्हणून तर म्हटलं, आपणच करावं!"



"आन् ह्यो काटेरी दांडगा काहून पोसलाय?" वच्छलाबाई दुसऱ्या झाडाकडे वळल्या.

"तो कलमी! दोन वर्षांत फूल नाही, पण जोर बघा!"

म्हातारीने बुडाची माती सारली. कलमाची काडी कधीचीच वाळून कोळ झाली होती. पुरुषभर वाढलं होतं ते सगळं खुंटाचं. चिठ्ठी मात्र शाबूत होती.

वच्छलाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"जावईबापू, माझा मोतीबिंदू निघाला. तुमचा कवा काढायचा?"

एवढ्यावर सुटका होत असेल तर काय वाईट! तानाजीराव मुकाट्याने कात्री आणायला गेले.