चपला सांभाळणारे हमीदचाचा

हमीदचाचा लग्नाला गेले की आधी चपलांकडे बघत, मग नवरदेवाकडे. आरमोरीत आमच्या शेजारीच त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. विहार असो, देऊळ असो, दर्गा असो, सगळे आत आणि चाचा बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ. "चपला सांभाळाले कोनी पायजे ना, बेटा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

जत्रेतल्या आकाशपाळण्याशी तर त्यांचं हाडवैर. आमच्याकडे पाळण्यात बसताना चपला खाली काढून ठेवायची रीत. वरून एखादी कोणाच्या टाळक्यात बसली तर! त्यामुळे चाचांना खाली थांबायला हक्काचं कारण मिळे. खरं कारण जुबेदाचाचीनं केव्हाच फोडलं होतं. "हा मानूस स्टुलावर चढाले भेते, पाळण्यात काय बसन?"

शहाण्णव-सत्त्याण्णवचा उन्हाळा असेल. त्यांचं घर आणि आमचं घर मिळून विशाखापट्टणमला गेलो. समुद्रकाठी एक जुनाट पार्क होता. रंग उडालेले लाकडी घोडे, झुकझुक गाडी आणि मधोमध हा एवढा आकाशपाळणा! आम्ही रीतीप्रमाणे चपला काढून चाचांपुढे रचल्या. तिथं ही रीत कोणालाच ठाऊक नव्हती. पण ढीग पाहून परकी माणसंही आपापल्या चपला काढून चाचांपुढे ठेवू लागली. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

चाची मात्र पाळण्यात चढेना.

"या ना हो. समुद्र कुठवर जाते, संगं पाहू."

"एवढ्या चपला टाकून कसा येऊ? पुढच्या खेपेले येतो, कसम."

चाची एका पाळण्यात एकटीच बसली. उतरली ती गालातल्या गालात हसत.

"काय दिसलं?" चाचांनी विचारलं.

"तुमी संगं बसाल तवा दाखवीन," म्हणाली आणि चपला घालून चालू लागली.

पुढची खेप आलीच नाही. दोनेक वर्षांत चाची तापानं गेली. पंक्चर काढता काढता चाचा मध्येच विचारायचे, "तुले का वाटते, काय पाह्यलं असन तिनं?" मी काय सांगणार, कपाळ! जहाज, आभाळ, काहीबाही सांगायची. ते मान हलवायचे, पण त्यांना पटायचं नाही. 

त्यानंतरच्या जत्रेत आकाशपाळणा लागला. चाचा त्याच्यापाशी आले, पायातल्या चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"सांभाळ, बेटा."

मी त्या धरून खाली उभी राहिले. चाचा दोन्ही हातांनी दांडा आवळून, डोळे मिटून वर गेले. खाली माणसं भरायला पाळणा थांबला, तेव्हा चाचा नेमके टोकावर. मला तर रडूच यायला लागलं.

उतरले तेव्हा मी चपला त्यांच्यापुढे ठेवल्या. मी विचारलं, "चाचा, काय दिसलं?"

"जंगल असन चारी बाजूनं. मले कुठी दिसते! डोये उघडले, त नजर सिधी खालीच गेली. तू दिसली, माह्या चपला धरून उभी." चाचांना चपलेत पाय घालता येईना. "मंजे तुही चाची समुद्र पाहूनच नोती राह्यली, बेटा. मलेच पाहून राह्यली होती."